कडुबा आणि पाच बापूसाहेब

कडुबानं जे केलं ते बरोबर केलं, असं माझं मत आहे. कॉलेजात मी ते बोलत नाही, कारण मला अजून आठ वर्षं तिथं नोकरी काढायची आहे. इथं बोलते.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. मी तिथली ग्रंथपाल आणि कडुबा शिपाई. मूळचा देवगाव रंगारीचा, राहायला मुकुंदवाडीत, बारावी पास, उंच आणि किडकिडीत. चालताना किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडगा मुठीत घट्ट धरायचा. एकोणीस वर्षांपूर्वी संस्थेचे संस्थापक बापूसाहेब यांनी त्याला स्वतः कामावर घेतलं. सकाळी खोल्या उघडायच्या, तासाला घंटा द्यायची, पाणी द्यायचं, टपाल पोचवायचं, हे त्याचं काम.

त्याच वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आले. पुण्याहून आलेल्या इंजिनीअरला छतातून वायर ओढायला माणूस हवा होता, म्हणून कडुबाला शिडीवर चढवलं. तीन दिवस तो शिडीवर होता आणि तीन दिवस त्यानं डोळे उघडे ठेवले. इंजिनीअर परत गेला तेव्हा कडुबाला वायरीच्या आठ रंगांचा क्रम पाठ झाला होता. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा... पुढचे चार मी नेहमी विसरते, तो कधी विसरला नाही. वायरीच्या टोकाला पिन बसवायची पक्कड त्यानं शहागंजातून स्वतःच्या पैशानं आणली. प्रत्येक कॉम्प्युटरचा नंबर त्यानं एका जुन्या डायरीत मराठी आकड्यांत लिहून ठेवला.

नेटवर्क बंद पडलं की सगळा स्टाफ जिन्यात उभा राहून कडुबाच्या नावानं ओरडायचा. तो पाण्याचा जग खाली ठेवून यायचा, पडद्यावर हुकूम टाईप करायची काळी खिडकी उघडायचा आणि म्हणायचा, "थांबा, हाक मारून बघतो." मग पलीकडच्या कॉम्प्युटरचा नंबर टाईप करायचा. उत्तर आलं की खूश होऊन सांगायचा, "जित्ता हाय. मंग दुखणं दुसरीकडं हाय." आणि ते दुखणं शोधून काढायचा. एकोणीस वर्षांत आम्ही बाहेरचा माणूस किती वेळा बोलावला असेल? मला तरी एकदाही आठवत नाही.

बापूसाहेब गेले आणि त्यांचे चिरंजीव सुदर्शनदादा सचिव झाले. बापूसाहेबांनी हयातीत आपलं नाव पाण्याच्या टाकीवरसुद्धा लिहू दिलं नव्हतं. दादांनी ते टाकीवर लिहिलं, फाटकावर लिहिलं, सायकल स्टँडवर लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी पुढं 'लोकनेते' जोडलं. वर्षातून दोनदा, जयंतीला आणि पुण्यतिथीला, मोठाले फ्लेक्स लागतात. ते ठेवायला जागा नाही म्हणून दादांनी माझ्या वाचनालयाची अर्धी खोली घेतली. पोरं वाचायला बसायची तिथं आता बांबू आणि फ्लेक्सच्या गुंडाळ्या आहेत. तेव्हा या गोष्टीत मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

गेल्या जूनमध्ये सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायचं ठरलं. ऑफिस, वाचनालय, लॅब, परीक्षा विभाग आणि प्राचार्यांची केबिन, असे पाच कॉम्प्युटर नवे झाले. सहावा तेवढा जुना राहिला. तो रेकॉर्ड रूममध्ये असतो. जुन्या विद्यार्थ्यांचा पंचवीस वर्षांचा निकाल आणि दाखल्यांची नोंद जुन्या रजिस्टरांवरून त्याच्यात भरलेली आहे, आणि ते सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नाही. कुणाला जुना दाखला हवा असला की रेकॉर्ड रूममधून नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवायची आणि ऑफिसनं ती छापायची, अशी पद्धत आहे. आता हे सगळं बघायला 'सिस्टीम अ‍ॅडमिन' नावाची जागा निघाली. दादांनी तिथं आपला भाचा सार्थक नेमला. वय चोवीस. कडुबाला तो पहिल्या दिवसापासून नुसतं "कडुबा" म्हणायचा. आमच्या प्राचार्यांनीही त्याला कधी 'कडुबाभाऊ' सोडून हाक मारली नव्हती.

कडुबानं त्या जागेसाठी तक्रार केली नाही. त्यानं वेगळीच वाट शोधली होती. चिकलठाण्याच्या बाजूला एका दुसऱ्या संस्थेत संगणक देखभाल सहाय्यकाची जागा निघाली होती. शिक्षण बारावी चालणार होतं, पण दहा वर्षांच्या अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं. एकतीस ऑगस्ट शेवटची तारीख. कडुबानं अर्ज लिहिला, मला दाखवला, मी दोन काने-मात्रे दुरुस्त केले. "एकोणीस वर्षं झाली मॅडम," तो म्हणाला, "दादा एवढं तर लिहून देतीलच की."

स्टाफच्या मासिक बैठकीत त्यानं तो अर्ज दादांपुढं ठेवला. दादांनी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"'मी गेली एकोणीस वर्षे संस्थेतील संगणक व नेटवर्कची देखभाल करीत आहे.' अरे वा! मग इतके दिवस घंटा कोण बडवत होतं?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि स्वतःचा राग येतो. दादांनी अर्जाच्या कडेला शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी कडुबाच्या हातात प्रमाणपत्र पडलं. त्यात लिहिलं होतं, 'घंटा, पाणी व साफसफाई या कामांचा समाधानकारक अनुभव आहे.' खाली सही, शिक्का.

कडुबानं ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि घंटेची वेळ झाली म्हणून गेला. त्या दिवसापासून त्यानं फडकं मारणं आणि सकाळी बटण दाबणं सोडलं तर एकाही कॉम्प्युटरला हात लावला नाही. पण त्यानं डूख धरला आहे हे मला दिसत होतं. माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवताना तो आधी दोन शब्द बोलायचा, ते बंद झालं.

मग बापूसाहेबांची पुण्यतिथी आली आणि सार्थकला भक्तीचा उमाळा आला. त्यानं पाचही कॉम्प्युटरची नावं बदलली. पूर्वी कडुबानं ठेवलेली साधी नावं होती, ऑफिस, लायब्ररी, लॅब. आता इंग्रजीत झालं 'लोकनेते-बापूसाहेब-ऑफिस', 'लोकनेते-बापूसाहेब-लायब्ररी', अशी पाच. दादांनी फुलं वाहून पाचही पडद्यांची पूजा केली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले, हात जोडलेली चित्रं आली. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशीपासून जुन्या कॉम्प्युटरचं आणि ऑफिसचं जुळेना. बरं, सरसकट बंद असतं तर गोष्ट वेगळी. ते कधी चालायचं, कधी चालायचं नाही. सोमवारी नोंद सुरळीत जायची आणि मंगळवारी तोच कॉम्प्युटर 'पलीकडं कुणी नाही' म्हणून हात वर करायचा. सार्थकनं वायर बदलली. मग कंपनीचा माणूस आला, त्यानं भिंतीवरची जोडणीची पेटी बदलली. मग उंदरांवर संशय घेतला. अँटिव्हायरस काढला, घातला, परत काढला. शेवटी सार्थकनं जुन्या डब्यावर गणपतीचा फोटो चिकटवला.

आठवड्याभरानं कडुबा वाचनालयात आला आणि त्यानं मला विचारलं, "मॅडम, मंगळवारी अन् गुरुवारीच का बिघडतंय, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?"

"मंगळवारी अन् गुरुवारी लॅबची सकाळची बॅच असती. त्या दिवशी मी आधी लॅब उघडतो. बाकीच्या दिवशी आधी ऑफिस."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. नवी सिस्टीम सुरू व्हायला वेळ घेते, म्हणून दादांनीच हुकूम काढला होता की कडुबानं सकाळी खोली उघडली की तिथल्या कॉम्प्युटरचं बटणही दाबून ठेवावं. म्हणजे पाचही कॉम्प्युटर कडुबाच्या हातानं आणि कडुबाच्या क्रमानं सुरू होत होते.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये कुणी नव्हतं. कडुबानं तीन आठवड्यांनी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला, काळी खिडकी उघडली आणि एक हुकूम टाईप करून मला दाखवलं. जुन्या कॉम्प्युटरला दुसऱ्याच्या नावाची पहिली पंधराच इंग्रजी अक्षरं समजतात. सोळाव्या अक्षरापासून पुढचं तो सोडून देतो. 'लोकनेते-बापूसाहेब' लिहिताना 'साहेब' पुरतं उमटायच्या आतच पंधरा अक्षरं संपतात. ऑफिस, लायब्ररी, लॅब हे सगळं त्याच्या पुढं. त्यामुळं जुन्या कॉम्प्युटरच्या दृष्टीनं पाचही जणांचं नाव एकच होतं. सकाळी जो पहिला सुरू होईल त्यानं ते नाव धरायचं, उरलेल्या चौघांना नाव नाही. पहिलं ऑफिस सुरू झालं तर नोंद ऑफिसला पोचायची. पहिली लॅब सुरू झाली तर जुना कॉम्प्युटर दिवसभर लॅबच्या दारात उभा.

"पाच बापूसाहेब करून ठेवलेत पोरानं," कडुबा म्हणाला. "ह्यो म्हातारा कुणाला हाक मारणार?"

मी म्हटलं, "मग सांग की दादांना."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "घंटावाल्याचं कोण ऐकतं मॅडम? मला खोल्या उघडायला ठेवलंय. मी खोल्या उघडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचले तर माझं वाचनालय उघडं, पंखा सुरू, कॉम्प्युटर सुरू. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. वाचनालय नेहमी शेवटी उघडायचं. कडुबा जिन्यातून वर चालला होता, ऑफिस उघडायला. त्यानं मान वळवली नाही. मी काय ते समजले आणि गप्प बसले. नुसती गप्प बसले नाही, मला मजा वाटली. फ्लेक्सच्या गुंडाळ्यांकडं बघून मी त्या दिवशी दोन कप चहा जास्त प्यायले.

पंधरा दिवस ऑफिसमध्ये एकही जुना दाखला छापला गेला नाही. सार्थक रोज जुन्या कॉम्प्युटरपुढं घाम पुसत बसायचा आणि कडुबा दर तासाला त्याला पाण्याचा ग्लास नेऊन द्यायचा. ट्रे पुसलेला, ग्लासावर झाकण. "घ्या साहेब, पाणी प्या." एवढंच बोलायचा. माणसाला जाळायचं असलं तर यापेक्षा जास्त काही लागत नाही.

पण सूड हा नेमका ज्याच्यावर उगवायचा त्याच्यावरच पडतो असं नाही. अजिंठ्याची सगीरा नावाची एक बाई होती. आमच्याकडं २००३ साली बारावी झालेली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचं होतं, त्यासाठी दाखला हवा होता. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा ऑफिसच्या दारातच तिचा आवाज चढला.

"हौ, उद्या या, उद्या या! किती उद्या असतात तुमच्याकडं? अजिंठ्याहून यायला आर्धा दिन जातो माझा. परसों आखरी तारीख आहे, मी काय मशीनला घेऊन जाऊ तिथं?"

कडुबा ट्रे घेऊन तिथंच उभा होता. ट्रेमधला ग्लास त्यानं तिच्यापुढं केला आणि ट्रे कट्ट्यावर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत तो पाचही खोल्यांत गेला, सगळे कॉम्प्युटर बंद केले, मग आधी ऑफिसचा सुरू केला आणि बाकीचे नंतर. सार्थक तेव्हा बाहेर मिसळ खायला गेला होता. परत येऊन त्यानं सहज नोंद पाठवली आणि ती पोचली. दहा मिनिटांत सगीराच्या हातात दाखला होता. ती जाताना कडुबाला म्हणाली, "अल्ला भला करे भाईजान, तुम्ही तेवढं पाणी तरी विचारलंत." तो ट्रे उचलून आत गेला. त्याला तिच्यापुढं लाज वाटत होती, हे त्यानंच नंतर मला सांगितलं. "माझं भांडण दादाशी. ती बाई मधीच चेंगरली."

आता यावर सार्थकनं काय करावं? आपणच एक सेटिंग बदललं आणि प्रश्न सोडवला, असं त्यानं मामाला सांगितलं. दादांनी लगेच स्टाफला हॉलमध्ये बोलावलं. शाल आणि श्रीफळ देऊन सार्थकचा सत्कार. आणि ते ताट धरून उभं कोण होतं? कडुबा. हळदीकुंकू, नारळ, शाल, सगळं त्याच्या हातात. दादा भाषणात म्हणाले, "ज्ञानाला पर्याय नाही. हे ज्याचं त्यानंच करावं." टाळ्या वाजल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं सांगते.

ताट आत ठेवून कडुबा माझ्याकडं आला.

"मॅडम, मी त्याच्यावर दया केली न्हाय, त्या बाईवर केली. अन् नारळ त्याला." मग म्हणाला, "आता दादाच्या हातानं लिहून घेईन. न्हाय घेतलं तर नावाचा कडुबा न्हाय."

त्यानंतर ऑफिस एकदाही पहिलं उघडलं नाही. बाहेरगावचं कुणी दाखल्याला आलं तर कडुबा सुट्टीत गुपचूप क्रम बदलायचा आणि काम झालं की परत पहिल्यासारखं करून ठेवायचा. सार्थकला त्याचा मेळ लागेना. त्याची नखं कुरतडून रक्त यायची वेळ आली आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तेवीस ऑगस्टला तपासणी समिती येणार होती. समिती आली की जुनं रेकॉर्ड ऑफिसच्या पडद्यावर काढून दाखवायला सांगते, ते दरवेळी ठरलेलं. ते दिसलं नाही तर पुढच्या तुकडीची मान्यता अडकणार होती. बावीसच्या सकाळी सार्थकला ताप आला. खरा आला की मामाच्या धाकानं आला, देव जाणे. तो घरीच राहिला आणि त्यानं फोन बंद केला. कंपनीचा माणूस म्हणाला, परवा येतो.

दुपारी बाराला दादा ऑफिसात प्राचार्यांवर ओरडत होते. मी रजिस्टरवर सही घ्यायला गेले होते. मीच म्हटलं, "दादा, कडुबाला विचारून बघा की एकदा."

दादांनी दाराकडं बघून हाक मारली. "ए कडुबा! इकडं ये. बघ जरा, तुला काही कळतंय का यातलं."

कडुबा ट्रे घेऊन आला. पाणी टेबलावर ठेवलं. खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि दादांसमोर ठेवला. घंटा, पाणी व साफसफाई.

"दादा, माझा अनुभव एवढाच हाय. तुमचीच सही हाय खाली."

दादांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "किती घेशील?" ते म्हणाले.

"पैसे नगं. लेटरहेड काढा अन् मी सांगतो ते लिवा. तुमच्या हातानं."

टाईप करून देतो, असं दादा म्हणाले. कडुबा म्हणाला, हातानंच. उद्या देतो, असं दादा म्हणाले. कडुबानं ट्रे उचलला. तेव्हा दादांनी खुर्ची पुढं ओढली आणि पेनचं टोपण काढलं. मी आयुष्यात बरीच लग्नं, बारशी पाहिली, पण इतक्या आनंदानं कुठलाही सोहळा पाहिला नाही.

"लिवा. प्रमाणित करण्यात येतं की, श्री. कडुबा रामकिसन..."

दादांचं पेन थांबलं. "आडनाव काय रे तुझं?"

"जंजाळ," कडुबा म्हणाला. "एकोणीस वरसं झाली, तुमच्या पगारपत्रकात हाय."

दादांनी लिहिलं, 'श्री. कडुबा रामकिसन जंजाळ यांनी शिपाई पदावर असूनही...'

"ते असूनही काढा."

"अरे पण तू शिपाईच आहेस ना?"

"शिपाई हाय, असूनही न्हाय. काढा."

दादांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. शेवटी झालं ते असं: श्री. कडुबा रामकिसन जंजाळ यांनी गेली एकोणीस वर्षे संस्थेतील सर्व संगणक व नेटवर्क यांची देखभाल व दुरुस्ती स्वतः केली असून, या काळात संस्थेस बाहेरील तंत्रज्ञाची गरज भासली नाही. सही झाली. कडुबानं स्वतः ड्रॉवरमधून शिक्का काढून उमटवला, बाजूच्या क्लार्ककडून जावक क्रमांक घालून घेतला, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली. मग तो बोलला.

"आता दुखणं सांगतो. सार्थकसाहेबांनी पाची कॉम्प्युटरला बापूसाहेबांचं नाव दिलं. जुन्याला पंधरा अक्षरांच्या पुढं कळत न्हाय. त्याला पाची जण एकच वाटतात. नाव काढावं लागंल."

"कुणाचं नाव?"

"बापूसाहेबांचं."

दादा उभेच राहिले. "दुसरा काही उपाय?"

"हाय की. रोज सकाळी मी ऑफिस पयलं उघडायचं. आजवर मी असंच चालवलं अन् असंच बंद ठेवलं. पण पुढल्या महिन्यात मी इथं न्हाय. मंग कोण उघडंल, कसं उघडंल, मला काय म्हाईत?"

तेव्हा कुठं दादांना कळलं की महिनाभर त्यांचं कॉलेज कुणी खिळवून ठेवलं होतं. मला वाटलं आता ते अंगावर धावून जातील. पण उद्या समिती होती. ते खाली बसले आणि म्हणाले, "काढ. काढून टाक ते नाव."

"तोंडी नगं दादा. उद्या कुणी म्हणंल, शिपायानं साहेबांचं नाव पुसलं. माझी नोकरी जाईल. लेखी द्या."

"असं कसं लिहू मी? माझ्या वडिलांचं नाव... हा कागद बाहेर गेला तर लोक काय म्हणतील? निवडणूक तोंडावर आहे."

"मला बापूसाहेबांनी कामावर घेतलं," कडुबा म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्यांनी मला कधी 'ए' म्हणून हाक मारली न्हाय. त्यांचं नाव तुम्ही मुतारीच्या भिंतीवर लिवलं, तवा तुम्हाला काय वाटलं न्हाय. मला वाटलं. लिवा."

दादांनी लिहिलं. त्यांचं अक्षर इतकं वाकडं आलं होतं की शेजारून मला ते वाचायला वेळ लागला. 'संस्थेतील सर्व संगणकांवरून लोकनेते बापूसाहेब हे नाव तात्काळ काढून टाकण्यात यावे. सचिव.' सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. पेन घरंगळत खाली पडलं. रोज अशा वेळी कडुबा वाकून उचलायचा. त्या दिवशी ते तिथंच राहिलं.

मग त्यानं त्याही कागदावर जावक क्रमांक घालून घेतला आणि पाचही खोल्यांत जाऊन जुनी साधी नावं परत टाईप केली. सगळं मिळून पाऊण तास लागला, त्यातला अर्धा वेळ कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघण्यात गेला. शेवटी रेकॉर्ड रूममधून त्यानं एक नोंद पाठवली आणि ऑफिसातून प्राचार्य ओरडले, "आली! आली!"

दुसऱ्या दिवशी समितीनं १९९८ सालची एक नोंद मागितली. ती पडद्यावर यायला पापणी लवायचासुद्धा वेळ लागला नाही. समितीनं व्यवस्थेचं कौतुक केलं, दादांनी हार घातले, सार्थक ताप उतरून आला आणि फोटोत दादांच्या शेजारी उभा राहिला. कडुबा घंटा द्यायला गेला होता. तो फोटोत नाही.

सप्टेंबरात त्याला चिकलठाण्याची नोकरी लागली. दसऱ्यानंतर मी पेढे घेऊन मुकुंदवाडीला त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्याची बायको भागूबाई माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. कडुबानं कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत अनुभवाचं प्रमाणपत्र होतं, चार घड्या पडलेलं, कोपऱ्याला चहाचा डाग.

"अरे, हे जपून ठेव की," मी म्हटलं. "याच्यावर तर नोकरी लागली."

"त्याचं काम झालं मॅडम," तो म्हणाला आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. तो लॅमिनेट केलेला होता, चारी बाजूंनी नीट कापलेला. नाव काढून टाकण्यात यावे, सचिव. दादांचं ते वाकडं अक्षर प्लॅस्टिकखाली चकाकत होतं.

"दादांना ह्यो परत बी नगं होता अन् फाडायची हिंमत बी नव्हती. जावक क्रमांक पडला होता ना. मंग मीच घेऊन आलो." त्यानं कागद माझ्या हातात दिला. "ते सर्टिफिकेट पोटाला लागलं. हे रोज रात्री जेवण झाल्यावर एकदा बघतो. झोप चांगली लागती."

मी दुसरी कुणी असते तर म्हटलं असतं, कडुबा, झालं गेलं सोडून दे. वयानं मी त्याच्याहून मोठी आहे, माझ्या तोंडी ते शोभलंही असतं. पण माझ्या वाचनालयात अजून त्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या आहेत आणि नवं टेबल मागितलं की दादा मला अर्ज टाकायला सांगतात. चहा झाला. मी कागद हातातच धरून उठले.

"कडुबा," मी म्हटलं, "कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं रे?"